तीन थांबे

लिफ्टचं दार मिटता मिटता त्याच्या कोपराला लागलं आणि मागे सरकलं. झालं ते एवढंच. दिवसातून दहा जणांना होतं. दाराच्या कडेला काळ्या रबराची पोकळ पट्टी असते, ती दबली की दाराला कळतं मध्ये कुणीतरी आहे, आणि ते मुकाट्याने माघार घेतं. ती पट्टी त्याच्या ओळखीची होती. कुठल्या जातीचं रबर, कसल्या यंत्रातून ओढून काढलेलं, किती वर्षांनी त्याला तडे जाणार, सगळं तो डोळे मिटून सांगू शकला असता, कारण असली यंत्रं विकण्यातच त्याची वीस वर्षं गेली होती. आतल्या एक बाई म्हणाल्या, "या की आत, किती वेळ धरून ठेवणार?" पण तो उंबऱ्यावरच उभा राहिला. दार पुन्हा आलं, पुन्हा कोपराला लागलं, पुन्हा मागे गेलं. दाराला कळलं, त्याच्या मनात आलं. त्या मिलला कळेल का? "तुम्ही व्हा पुढे," असं काहीतरी पुटपुटून तो मागे सरला आणि जिन्याने निघाला. कार्यालय पाचव्या मजल्यावर होतं. सकाळचे दहा वाजत होते.

त्याच्या काकांची पेढी रबराचा माल बनवणाऱ्यांना यंत्रं पुरवायची. स्वतः एक खिळाही बनवत नसे. यंत्रशाळांकडून घाऊक उचलायचं, गोदामात ओळीने उभं करायचं, आणि पायपुसणी, चपलांचे तळ, नळ्या, वॉशर काढणाऱ्या कारखान्यांना नेऊन बसवून द्यायचं, हा धंदा. त्यातली सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात वाईट चीज म्हणजे मिल. दोन जाडजूड लोखंडी रूळ शेजारी शेजारी आडवे, एकमेकांच्या दिशेने फिरणारे, मध्ये बारीकशी फट. वरून कच्चं रबर टाकलं की ते फटीतून चेपलं जाऊन पुढच्या रुळाला गुंडाळतं. कामगाराने ते सुरीने कापायचं, दुमडायचं, काजळी आणि गंधक घालून पुन्हा फटीच्या तोंडी द्यायचं. हाताने. आणि रुळांना हात आणि रबर यांतला फरक कळत नाही. म्हणून कामगाराच्या गुडघ्यासमोर एक आडवी पट्टी असते. हात ओढला गेला तर माणूस पुढे झुकतो, झुकला की गुडघा पट्टीला लागतो, पट्टी दबली की मिल थांबते. या पट्टीपायी काकांनी एक नियम केला होता. नवी मिल बसवली की ज्याला तिच्यावर काम करायचंय त्यानेच, स्वतःच्या गुडघ्याने, ती तीनदा थांबवून बघायची. पट्टी दबल्यावर रूळ किती इंच फिरून थांबले ते तीनही वेळा मोजून कागदावर लिहायचं. खाली पेढीच्या माणसाची सही, शेजारी कामगाराची. तीन थांबे झाल्याशिवाय चावी द्यायची नाही. "चाळीस वर्षांत आपल्या मिलने कुणाचं एक बोट घेतलेलं नाही," काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि सांगताना स्वतःची दहा बोटं पुढे करत, जणू पुरावा तोच. गेल्या महिन्यापासून त्या कागदावर पेढीतर्फे एकट्या पुतण्याची सही चालायला लागली होती.

चार दिवसांपूर्वी त्याने शहराबाहेरच्या एका कारखान्यात मिल बसवली होती. चपलांचे तळ बनवणारा कारखाना. पट्टीचा स्विच भलताच हळवा निघाला. मिल सुरू केली की तिच्याच थरथरीने पट्टी दबायची आणि मिल बंद. सुरू, बंद, सुरू, बंद. मालक कमरेवर हात ठेवून उभा. "काय हो साहेब, मिल आणलीत का जावई? एवढ्या तेवढ्यावरून रुसून बसतोय." सगळे हसले. तोही हसला, आणि मालकाला निदान रूळ फिरताना तरी दिसावेत म्हणून त्याने पॅनेल उघडून वीतभर निळ्या वायरने दोन टोकं जोडून टाकली. धंद्यात याला जंपर म्हणतात. जंपर घातला की पट्टी जागेवर असते, दबते, टक्क असा आवाजसुद्धा करते, फक्त तिचं म्हणणं मिलपर्यंत पोचत नाही. पाच मिनिटांपुरता सगळेच घालतात. मग त्याने पिशवीतला दुसरा स्विच काढून पट्टीला बसवला, ते नक्की. त्याचा एक स्क्रू तेलाच्या ताटलीत पडला होता आणि त्याने तो चाचपून काढला होता. तेवढ्यात काकांचा फोन आला, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे ताबडतोब जायचं होतं, आणि कागद भरायचा राहिला होता. तो त्याने मालकाच्या टेबलावर चहा पिता पिता भरला. थांबे तीन, आकडे तीन. त्या मापाची मिल किती इंचांत थांबते हे त्याला पाठ होतं. मिलवर काम करणारी बाई चाळिशीची होती, डोक्याला फडकं घट्ट बांधलेली. तिला बोलावून तो म्हणाला, "ताई, इथे सही करा." तिने विचारलं, "कशाची?" तो म्हणाला, "मिल मिळाल्याची." तिने केली. आणि जंपर? तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याला थांबावं लागलं, कारण जंपर काढल्याचं त्याला आठवेना.

म्हणजे आठवत होतं. भीती त्याचीच होती. स्क्रू ढिला करणं, वायरचं टोक ओढून काढणं, ती तर्जनीभोवती गुंडाळून तिचं वेटोळं खिशात टाकणं, सगळं हाताला आठवत होतं. पण ते कुठल्या मिलचं? वीस वर्षांत त्याने शंभराच्या वर मिली बसवल्या होत्या, निम्म्यांना तरी जंपर घातला असेल, आणि काढण्याची आठवण मात्र सगळ्यांची मिळून एकच होती. तो तिला उलटीपालटी करून बघू लागला. वायर गुंडाळताना उजेड कुठल्या बाजूने येत होता? डावीकडून. त्या कारखान्यात खिडक्या उजवीकडे होत्या. की पॅनेलकडे तोंड केलं की डावीकडे येतात? वायर निळी होती का? आठवणीतली वायर कधी निळी व्हायची, कधी पिवळी. तो निळी म्हणाला की निळी. आपण आपल्याला हवी तशी आठवण रंगवून घेतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने घाईघाईने उरलेले दोन मजले गाठले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याच्या मनात भर सकाळी लख्ख पडलं होतं आणि त्यात ती बाई पाठमोरी उभी होती, दोन्ही हात पुढे.

टेबलाशी बसल्यावर त्याने पहिल्यांदा फाईल काढली. चार इंच, चार इंच, साडेचार इंच. ते साडेचार बघून त्याला स्वतःचीच शिसारी आली. तिन्ही सारखे आले तर खोटे वाटतील म्हणून त्याने तिसऱ्याला अर्धा इंच वाढवला होता; चहाचा घोट घेतला होता, विचार केला होता आणि वाढवला होता. विसरला म्हणावं तर विसरणारा माणूस अर्ध्या इंचाचा विचार करतो का? शेजारी तिची सही. एकेक अक्षर सुटं, शाळेत गिरवल्यासारखं. त्याने फाईल मिटली, पुन्हा उघडली. आजूबाजूला कामं चालली होती आणि आज सगळ्यांच्या तोंडी हातच हात होते. कुणी म्हणत होतं, जुना माल हातोहात गेला. कुणी म्हणत होतं, त्या गिऱ्हाइकाने ऐन वेळी हात वर केले. रोजचंच बोलणं, पण प्रत्येक वेळी त्याची नजर त्या सहीकडे जात होती. घरी फोन करायचं त्याला सुचलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"माझी ती राखाडी पँट धुवायला टाकलीस का?" त्याने बायकोला विचारलं.

"धुऊन वाळून इस्त्री होऊन आली. का?"

"खिशात काही सापडलं का? वायरचा तुकडा?"

"तुझ्या खिशात काय सापडत नाही ते विचार. स्क्रू, वॉशर, गोळीचा कागद. वायरपण होती बहुतेक. आठवड्याला निघते एखादी. मी डब्यात टाकते."

"निळी होती? नीट आठव."

तिचा आवाज बदलला. "काय झालंय? आवाज असा का येतोय तुझा?"

"काही नाही. डब्यात बघ ना."

तिने डबा ओतल्याचा आवाज आला. "पिवळी आहे एक. निळ्या दोन आहेत. अरे, पण या आधीच्यासुद्धा असतील. काय झालंय ते सांगशील का?"

"काही नाही गं," तो म्हणाला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि त्याच्या 'काही नाही'वर तिचा विश्वास पहिल्या वर्षापासून नव्हता. पण सांगायचं तर काय सांगायचं? की मी कदाचित काढली असेल, कदाचित नसेल?

गोदामाच्या फाटकावर पूर्वी एक तोलारी होता. सगळे त्याला दीडहात्या म्हणत, तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. दुसऱ्या कुणाच्या तरी मिलने त्याचा उजवा हात मनगटाच्या वर घेतला होता, आणि काकांनी त्याला वजनकाट्यावर बसवला होता. डाव्या हाताने तो सुरेख आकडे काढी. नव्या नव्या नोकरीत, विशीतल्या माणसाला असतो तसल्या निर्दय कुतूहलाने, पुतण्याने एकदा त्याला विचारलं होतं, फार दुखलं का? दीडहात्या म्हणाला, "दुखलं ते मागाहून. आधी नुसतं गरम वाटलं. मग वाटलं कुणीतरी हात धरून ओढतंय. लहान पोर ओढतं बघ बापाला, चल ना, चल ना म्हणून. तसं. मला वाटलं, जाऊन तरी बघू." आणि हसला होता. दीडहात्या मरून सात वर्षं झाली होती, ते ओढणं मात्र आज या माणसाच्या मनगटात आलं होतं. फोन धरलेला हात त्याने मांडीखाली दाबून धरला, मग त्याच हाताने कारखान्याचा नंबर लावला.

"अरे वा, साहेब!" मालकाचा आवाज आनंदी होता. मागे मिलचा घरघराट ऐकू येत होता. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच तुमचं नाव काढलं. काय मिल दिलीत हो! चार दिवस झाले, एकदा, एकदासुद्धा थांबली नाही."

त्याने डोळे मिटले. नव्या मिलवर नव्या माणसाचा गुडघा दिवसातून दोन-तीनदा तरी चुकून पट्टीला लागतोच. मिल थांबते, माणूस शिव्या घालतो, पुन्हा सुरू करतो. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकांचे फोन येतात ते याच तक्रारीचे. चार दिवसांत एकदाही नाही. म्हणजे पट्टी दबत असणार, टक्क वाजत असणार, आणि रूळ फिरतच राहत असणार. आता शंकेला जागा उरली नव्हती. 'मिल बंद करा' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. तीनही जिभेवर होते. पण त्यांच्या मागून प्रश्न येणार होता, का हो, आणि त्याच्या मागून कागद, साडेचार इंच, काका, काकांची दहा बोटं. "हॅलो? साहेब? आहात ना?" मालक विचारत होता.

"आहे, आहे," तो म्हणाला. "जेवणाची सुट्टी किती वाजता असते तुमच्याकडे?"

"एकला. का बरं?"

"इकडून जाणार होतो. म्हटलं जरा तेल-बिल बघून जावं. तेव्हा मिल बंदच असेल ना, म्हणजे तुमचा खोळंबा नको."

"या की! मी तेव्हा घरी जेवायला असतो, पण तुम्हाला कोण अडवणार आहे. हात लागला तुमचा की मिल आणखी दहा वर्षं चालेल."

फोन ठेवल्यावर आपण काय केलं ते त्याला समजलं. साडेअकरा झाले होते. एक वाजता मिल बंद असेल, आजूबाजूला कुणी नसेल, आपण पॅनेल उघडू, वायर ओढू, खिशात टाकू आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. इतका सोपा मार्ग निघाल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. त्याला मात्र अंगभर बारीक घाम सुटला, कारण मधला दीड तास तसाच पडून होता आणि त्यात ती बाई हाताने रबर भरवत होती. मग त्याने मनाची समजूत घालायला सुरुवात केली. चार दिवस काही झालं नाही, दीड तासाने काय होणार? अनुभवी दिसत होती बाई. शिवाय फोनवर सांगितलं असतं तर घाबरून भलतंच काही केलं असतं. प्रत्येक कारण एकेकटं ठीक होतं. सगळी मिळून ती त्याला अशी घाण वाटली की तो उठून थेट काकांच्या खोलीत गेला, सगळं सांगून टाकायला.

काकांसमोर परगावचा एक दुकानदार बसला होता. "ये रे," काका म्हणाले, "तुझंच चाललंय. हे म्हणतायत, काका, तुमच्यानंतर पेढीचं काय? म्हटलं, माझ्यानंतर कशाला, माझ्यादेखत याच्या हातात दिलीय. याची सही म्हणजे माझी सही." त्यांनी दहा बोटं पुढे केली. म्हातारपणाने ती किंचित थरथरत होती, नखं स्वच्छ कापलेली. "चाळीस वर्षांत—" काकांनी सुरुवात केली, आणि पुतण्याला अचानक त्या बोटांची भीती वाटली; एखाददुसरं कमी दिसेल की काय म्हणून त्याने ती खरोखर मोजली. "तुला काही बोलायचं होतं का?" काकांनी विचारलं. तो म्हणाला, "त्या तळांच्या कारखान्यात चक्कर मारून येतो." "पाहिलंत?" काका दुकानदाराला म्हणाले, "न बोलावता जातो." दार लोटताना त्याला वाटलं, काकांनी हाक मारावी, तोंड का उतरलंय असं रागावून विचारावं. लहानपणी ते तोंड बघून ओळखत. पण काकांचं वाक्य पुढे सरकलं होतं.

रस्ता नेहमीचा होता आणि आज कुठेच गर्दी नव्हती. गाडीत बसल्यापासून तो ती बाई आठवायचा प्रयत्न करत होता. फडकं आठवलं, सही आठवली, 'कशाची?' असं विचारणारा आवाज आठवला. हात आठवेनात. तिने पेन धरलं होतं, त्याच्या नाकासमोर धरलं होतं, तरी ते हात जाडे होते की सडसडीत, काळे की गोरे, काहीच दिसेना. जिथे हात असायचे तिथे कागद होता. तिला मुलं असतील का, घरी कोण कोण असेल, या हातांवर कितीजणांचं पोट असेल, असले विचार त्याने सुरू केले आणि लगेच थांबवले, कारण ते करताना आपण चांगले आहोत असं वाटू लागलं होतं. कारखान्याच्या कोपऱ्यावर तो बारा वाजून वीस मिनिटांनी पोचला. फाटक पन्नास पावलांवर होतं. त्याने गाडी भिंतीच्या सावलीत लावली, इंजिन बंद केलं आणि उतरला नाही.

इथून मिल ऐकू येत होती. भिंतीपलीकडून तिचा खर्ज येत होता आणि मध्येच हवेचा फुगा दाबला की रबर फट्ट वाजतं तसा आवाज. फट्ट झालं की तो स्टिअरिंग घट्ट धरी. मग खर्ज पुन्हा सलग. आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक, तो स्वतःशी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला उमगलं की हे खरं नाही. त्या मिलचा आवाज काहीही झालं तरी चालूच राहील, ती थांबणारच नाही, तिला थांबता येऊ नये अशी व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने केली होती. मग किंकाळी तरी ऐकू येईल का? पन्नास पावलं. तो कान देऊन बसला. काच खाली केली, मग वर केली, कारण ऐकायचंही होतं आणि ऐकायचं नव्हतं. एकदा त्याने दाराची कडी ओढली, एक पाय बाहेर टाकला. फाटकावरचा पहारेकरी त्याच्याकडे बघायला लागला. पाय आत आला. साडेबारा. बारा चाळीस. आपल्याला नेमकी भीती कशाची वाटतेय, तिच्या हाताची की आपल्या सहीची, हे त्याने त्या गाडीत शांतपणे बघायचं ठरवलं, आणि बघितलं. उत्तर मिळालं तेव्हा त्याने आरशाकडे पाहायचं टाळलं. एकचा भोंगा वाजला, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने, असं त्याला वाटलं, तो खर्ज हळूहळू उतरत बंद पडला.

आत कामगार डबे घेऊन अंगणातल्या झाडाखाली चालले होते. शेड रिकामी होती. तापलेल्या रबराचा आणि गंधकाचा वास घशाला चिकटत होता. मिल उभी होती, रूळ काळे, अजून ऊबदार. तो सरळ पॅनेलशी गेला, दार उघडलं. निळी वायर होती तिथेच होती. वीतभर, त्याने वाकवली होती तशी, नीटनेटकी. त्याने पेचकस काढला.

"निळी ना?" मागून आवाज आला.

ती मिलच्या पलीकडे खांबाला टेकून बसली होती, मांडीवर डबा. उठली नाही. त्याची पहिली नजर तिच्या हातांवर गेली. दोन्ही होते. जाड, आखूड बोटांचे, नखांत काजळी बसलेली. त्याने पॅनेलचं दार धरलं.

"तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणाला.

"पहिल्याच दिवशी. तुम्ही गेलात आणि मी गुडघा लावून बघितला. टक्क झालं, पण ही थांबेना. दुसऱ्यांदा बघितलं. मग ही पॅनेलची डबी उघडून बघितली. आधीच्या कारखान्यात आमचा फिटर असली वायर घालायचा."

"मग मालकांना—"

"सांगितलं की. म्हणाले, थांबत नाही हे चांगलंच आहे, ऑर्डर मोठी आहे. मी म्हटलं, वायर काढते. तर म्हणाले, कंपनीच्या माणसाने लिहून दिलंय, खाली तुझीच सही आहे, हात लावायचं काम नाही. मला पण काय बोलावं कळेना. सही तर माझीच होती."

ती उठली तेव्हा त्याला दोरी दिसली. सुताची जाड दोरी, तिच्या कमरेला दोन वेढे घातलेली, दुसरं टोक मागच्या खांबाला. तो बघतोय हे पाहून ती मिलपर्यंत चालत आली आणि दोन्ही हात रुळांकडे लांब केले. दोरी ताठ झाली. बोटांची टोकं फटीपासून वीतभर अलीकडे थांबली.

"एवढंच जाता येतं," ती म्हणाली. "पुढचं रबर फळकुटाने ढकलते. वेळ लागतो, पण जमतं. आधी कापून टाकलेल्या रबराची पट्टी बांधली होती, इथे ढीग पडलाय त्याचा. पण रबर ताणतं. म्हणून मग दोरी."

त्याने वायर काढली. पेचकस दोनदा खाचेतून निसटला. तिने कमरेची गाठ सोडली, मिल रिकामीच सुरू केली आणि न सांगता गुडघा पट्टीला लावला. मिल थांबली. ती म्हणाली, "मोजा." त्याने टेप लावला. साडेपाच इंच. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा पुन्हा साडेपाच. एकाही थांब्याला चार आले नाहीत.

"त्या कागदावरची माझी सही काढून द्या मला," ती म्हणाली.

"त्यासाठी काकांना सगळं सांगावं लागेल."

"सांगा की."

तो वायर तर्जनीभोवती गुंडाळत राहिला. ती एका चिंधीला हात पुसत होती, एकेक बोट वेगळं. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

आत्ताच, दार उघडल्यावर, असं म्हणता आलं असतं. तिने ते खरं मानलं असतं. त्याने तसं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

"सकाळी दहाला," तो म्हणाला.

ती थांबली. रबराची एक खेप मळून उतरवायची, तिला ते लोक घाणा म्हणतात. वीस मिनिटांचा एक. भिंतीवर खडूने मारलेल्या आजच्या रेघांकडे तिने बघितलं आणि बोट लावून मोजल्या. "दहाला सहावा उतरवला होता," ती म्हणाली. "आत्ता पंधरावा झाला." तिने त्याच्याकडे बघितलं नाही, आणि त्याला वाटलं, तिने शिव्या द्याव्यात, ओरडून लोक गोळा करावेत.

भोंगा झाला. कामगार परत येऊ लागले. तिने डबा खांबाशी ठेवला, डोक्याचं फडकं आवळलं आणि खाली पडलेली दोरी उचलून कमरेभोवती पहिला वेढा घातला.

"ताई," तो म्हणाला, "आता पट्टी चालते. तुम्हीच तीनदा बघितलंत."

"हो, बघितलं ना," ती म्हणाली, आणि दुसरा वेढा घालून गाठ मारली, ओढून बघितली, आणि मिल सुरू केली.